कोकणात उतरायचंय? आधी घाट ठरवा, मग रस्ता

पुण्याहून कणकवलीला निघायचं म्हटलं की बहुतेक जण मोबाइलमध्ये दोन गावांची नावं टाकतात आणि सगळ्यात कमी वेळाचा दिसेल तो रस्ता धरतात. मी उलटं करते. आधी घाट ठरवते आणि मग त्या घाटाच्या तोंडापर्यंत नेणारा रस्ता शोधते. देशावरून कोकणात जाताना खरा अवघड भाग फार तर दहा-पंधरा किलोमीटरांचा असतो. पण मागे सासूबाई, शेजारी गाडी लागणारी लेक आणि चालवणारी मी एकटी, अशा वेळी तेवढाच तुकडा सगळा दिवस सुखाचा करतो किंवा नकोसा करतो.

माझं माहेर कणकवली तालुक्यातलं. बाबा एसटीत चालक होते आणि गाडी मला त्यांनीच शिकवली. खाली जे सांगते आहे त्यातलं बरंचसं त्यांचं आहे. मोबाइल आणि नकाशे तेवढे माझे.

सह्याद्री दोन्ही बाजूंनी सारखा नाही, हे आधी लक्षात घ्या. कोल्हापूरहून गगनबावड्याकडे जाताना जमीन इतकी हळूहळू चढते की चढ जाणवत नाही. पुढे एकदम कडा लागतो आणि चढलेली सगळी उंची थोडक्या अंतरात उतरावी लागते. त्यामुळे कोकणात जाताना ताण ब्रेकवर येतो आणि परतताना इंजिन-क्लचवर. माणसं भरलेली, डिकी ठासलेली छोटी पेट्रोल गाडी असेल तर घाट निवडताना येतानाचा चढ डोळ्यांपुढे ठेवा. हापूसच्या पेट्या येतानाच भरायच्या असतात.

लांब घाट सोपा असतो

नव्याने गाडी शिकलेल्यांना वाटतं, घाट छोटा म्हणजे त्रास कमी. खरं तर उंची तेवढीच असते, ती कमी किलोमीटरांत उतरायची म्हणजे उतार तीव्र होणार. गुगल अर्थमध्ये घाटमाथ्याची आणि पायथ्याची उंची दिसते. दोन्हींतला फरक काढा आणि मधल्या रस्त्याची लांबी बघा. फरक 600 मीटर आणि रस्ता 12 किलोमीटर असेल तर सरासरी उतार 20 ला 1 झाला, म्हणजे 20 मीटर पुढे गेलं की 1 मीटर खाली. डोंगराळ भागातल्या रस्त्यांच्या आखणीत नेहमीचा उतार साधारण एवढाच धरतात. त्याच 600 मीटरसाठी रस्ता 8 किलोमीटरचाच असेल तर उतार 13 ला 1 च्या आसपास जातो, आणि हा फरक उतरताना पायाला कळतो. म्हणून घाट लांब दिसला की मला बरं वाटतं.

त्यानंतर उपग्रहाचं चित्र मोठं करून वळणं बघायची. वळणांची संख्या मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. दोन वळणांमध्ये गाडी सरळ करून श्वास घेण्याइतका तुकडा आहे का, वळणावर रस्ता फुगवलेला आहे का, आणि दरीकडे कठडा दिसतो का, हे मी बघते. रुंद रस्त्यावरची वीस वळणं चालतील, पण समोरून डंपर आल्यावर मागे जावं लागेल असं एकही वळण नको.

तिसरी कसोटी बाबांची. त्या घाटातून एसटी दिवसभर ये-जा करते का? करत असेल तर रस्ता लांब गाडी वळेल एवढा आहे, आणि तुमची गाडी बंद पडली तर तासाभरात कोणीतरी थांबणारं आहे. मोबाइलची रेंज घाटात अध्येमध्ये जातेच. अशा वेळी मागून येणारी लालपरी फार मोठा आधार असते. नकाशावर एखादा घाट वीस-पंचवीस मिनिटं वाचवत असेल पण त्यात दिवसाला चार गाड्याही दिसत नसतील, तर तो मी सोडून देते.

कुठे जायचंय त्यावरून घाट

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशा उत्तरेकडच्या गावांसाठी पुण्याहून ताम्हिणी. मुळशी धरणाच्या कडेने जाऊन माणगावला महामार्गाला लागता येतं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात नवशिक्यालाही झेपेल असा आहे. पावसाळी शनिवार-रविवारी मात्र जाऊ नये. धबधब्यांपाशी दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि माणसं रस्त्याच्या मधोमध फिरत असतात.

चिपळूण, गुहागरसाठी कराड-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली. अवजड गाड्या खूप असतात, पण वाटेत वस्ती आणि मदत आहे. रत्नागिरी, गणपतीपुळ्यासाठी कोल्हापूरहून आंबा घाट, तो रत्नागिरी-नागपूर महामार्गावरच आहे.

भोरहून महाडला उतरणारा वरंधा आणि महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी पहिल्यांदा घाट चालवणाऱ्याने धरू नयेत. दोन्ही देखणे आहेत, आणि म्हणूनच लोक मोहात पडतात. वरंधा अरुंद आहे, पावसाळ्यात वाहतुकीला बंदी येत असते. आंबेनळीत वळणं संपता संपत नाहीत. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत तिथे रस्त्याचे तुकडेच्या तुकडे खाली गेले होते. देखावाच बघायचा असेल तर थंडीत, दिवसा, घाट सरावाचा झालेल्या माणसाला चालवायला देऊन जा.

आता सिंधुदुर्ग. इथे निवडीला खरा वाव आहे, आणि इथलंच मला सगळ्यात जास्त ठाऊक आहे.

गगनबावड्यातून दोन घाट फुटतात, करूळ आणि भुईबावडा. दोन्ही वैभववाडीच्या बाजूला उतरतात. करूळ जास्त वापरातला. 2024 मध्ये तो रुंदीकरण आणि काँक्रीटसाठी बंद होता, तेव्हा वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटावर आली होती. दोहोंतून निवडायची वेळ आली तर करूळच घ्या. भुईबावडा अरुंद आहे, समोरून मोठी गाडी आली की जीव गोळा होतो.

फोंडा ही माझी पहिली पसंती. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर आणि मग घाट, खाली फोंडाघाट गाव, तिथून कणकवली. निपाणीकडून मुदाळ तिट्ट्यावरूनही राधानगरीला येता येतं. घाटात झाडी दाट आहे, त्यामुळे दरी सतत डोळ्यांसमोर राहत नाही. उंचीची भीती वाटणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. सासूबाई या घाटात डोळे उघडे ठेवून बसतात. जपायचं ते संध्याकाळनंतर. दाजीपूरचं जंगल गव्यांचं आहे आणि अंधारात काळा गवा दिवे अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. सूर्य मावळायच्या आत घाट उतरून झालेला असावा.

सावंतवाडी, वेंगुर्ले किंवा गोव्याला जायचं असेल तर आंबोली. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत गेलं की घाटमाथ्यापर्यंतचा रस्ता शांत मिळतो. पहिल्यांदा घाट चालवणाऱ्याला मी बिनदिक्कत आंबोलीच सांगते, फक्त दोन अटींवर. पावसाळ्यातला सुट्टीचा दिवस नको, कारण मुख्य धबधबा रस्त्यालाच लागून आहे. आणि धुकं उतरलं असेल तर घाटमाथ्यावर चहा घेत थांबायचं. आंबोलीत धुकं इतकं दाट येतं की बॉनेटपुढचं दिसत नाही. अशा वेळी समोरच्या गाडीचे लाल दिवे धरून जाणं धोक्याचं, कारण तो चुकला की आपणही चुकलो.

कोणत्या महिन्यात, किती वाजता

घाटापर्यंतचा रस्ताही त्रास देऊ शकतो. कोल्हापूर भागात ऊसतोडणी सुरू झाली की गगनबावडा आणि राधानगरी या दोन्ही रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. अनेकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर धुळीने झाकलेला असतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात हा पट्टा अंधारात चालवू नका. मी पुण्याहून पहाटे चारला निघते. म्हणजे कोल्हापूर सकाळी ओलांडलं जातं आणि अकराच्या आत घाट उतरून होतो. तोवर धुकं विरलेलं असतं आणि लेकीच्या पोटात फक्त कोरडी चपाती असते.

गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस सगळ्याच घाटांत गर्दी असते. त्या दिवसांत एक दिवस आधी निघता आलं तर निघा, नाही तर कोल्हापुरात मुक्काम करून पहाटे घाट धरा.

पावसाळ्यात घाट सुरू आहे की नाही, हे निघताना नकाशावर बघून भागत नाही. दरड रात्री पडते आणि नकाशाला सकाळी कळतंच असं नाही. आदल्या दिवशी त्या जिल्ह्याच्या बातम्या बघा, जिल्हाधिकाऱ्यांचे वाहतूक बंदीचे आदेश त्यांत येतात. आणि घाटाआधीच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर टाकी भरताना, खालून वर आलेल्या ट्रकवाल्याला विचारा, “घाट मोकळा आहे का?” तो नुकताच तिथून आलेला असतो. त्याने तोंड वाकडं केलं तर दुसरा घाट धरायचा. हा दुसरा घाट घरीच ठरवून ठेवलेला असावा. माझा ठरलेला आहे, फोंडा बंद असेल तर आंबोली. कणकवलीला वळसा पडतो, पण रस्ता ओळखीचा.

घाटात शिरल्यावर

थोडंच सांगते. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेक तापतात आणि नेमक्या वेळी धरत नाहीत. गाडी ऑटोमॅटिक असेल तर ‘एल’ (म्हणजे लो गिअर) किंवा मॅन्युअल मोड घाटाआधीच सपाटीवर वापरून बघा. “न्यूट्रल करू नको गो बाय,” हे बाबांचं वाक्य मी आजही प्रत्येक माथ्यावर मनात म्हणते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. आपण उतरत असू तर रुंद जागा बघून आपणच थांबायचं. आंधळ्या वळणाआधी दिवसा हॉर्न, रात्री डिपर. मागे कोणी घाई करत असेल तर डावीकडे घेऊन त्याला जाऊ द्या.

गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा, मोबाइल काढून घ्या आणि दूरवर बघायला सांगा. कान शरीर हलतंय म्हणून सांगतात आणि डोळे स्थिर पडद्यावर असतात, त्या गोंधळातून मळमळ होते. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून आणि घाटाच्या बरंच आधी; वळणं सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

परतताना हेच सगळं पुन्हा, फक्त चढाच्या बाजूने. घाट चढायला लागण्याआधी एसी बंद करा, छोट्या गाडीला तेवढाही हातभार लागतो. वळणावर गाडी दमायच्या आधीच गिअर खाली आणा. आणि कणकवलीहून दुपारी जेवून निघायचा आग्रह झाला तरी मोडून काढा. फोंडा घाट उजेडात चढता येईल, पण राधानगरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या अंधारात लागतील. सकाळी आठला घावणे खाऊन निघालात तर जेवायला कोल्हापुरात असाल.