सेशेल्सला आठवडाभर बोटीवर जायचंय? मग हे बघा

आधी महिना ठरवा, मे ते सप्टेंबर तिकडे आग्नेयेचा वारा जोरात असतो, ज्यांना बोट लागते त्यांनी एप्रिल नाहीतर ऑक्टोबर बघावा. मुंबईहून विमानाने माहे, म्हणजे तिथलं मुख्य बेट, मग बोटीने प्रालँ, क्युरियूजची ती अवाढव्य कासवं, ला डीग, बास, याहून जास्त बेटं कोंबू नका.

कॅटामरान, म्हणजे दोन जोड सांगाड्यांची बोट घ्या, कमी डुलते. कॅप्टन आणि कुकसकट भाड्याने मिळते, पण डिझेल, मरीन पार्कची फी भाड्यात धरलीय का ते लेखी घ्या. आणि व्हेज म्हणजे मासेपण नाही हे कुकला आधीच कळवा, तरी सीलबंद मेतकूट जवळ असूच दे. कडक सुटकेस नको, केबिनमध्ये जागा नसते. ॲव्होमिन मळमळायला लागल्यावर नाही, निघायच्या तास-दोन तास आधी घ्यायची.