एकच क्वेरी अनेक डेटाबेसवर चालवण्यापूर्वीची तयारी

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर प्रत्येक ग्राहकाचा डेटाबेस वेगळा असेल आणि एकच क्वेरी (डेटा मागणारी किंवा बदलणारी आज्ञा) सगळ्यांवर चालवायची असेल, तर क्वेरीला हात लावण्याआधी डेटाबेसची यादी पक्की करावी. ती हाताने टाइप न करता सर्व्हरवरच्या डेटाबेसची माहिती देणाऱ्या सिस.डेटाबेसेस या कॅटलॉग व्ह्यूमधून घ्यावी, 1 ते 4 क्रमांकांचे मास्टर, टेम्पडीबी, मॉडेल आणि एमएसडीबी हे सर्व्हरचे स्वतःचे डेटाबेस वगळावेत, आणि जे ऑनलाइन नाहीत किंवा ज्यांवर आपल्या लॉगिनला प्रवेश नाही (हे हॅज_डीबीअ‍ॅक्सेस या फंक्शनने तपासता येते) त्यांची नावे वेगळी नोंदवावीत, कारण रिस्टोअर (बॅकअपमधून परत उभारणी) चालू असलेला एखादा डेटाबेस सुटला, हे नुसत्या निकालावरून कळत नाही. म्हणूनच एसपी_एमएसफॉरईचडीबी ही प्रत्येक डेटाबेसवर आज्ञा चालवणारी सोयीची प्रोसीजर टाळावी. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दस्तऐवजांत ती नाही, आणि ती कधीकधी त्रुटी न दाखवताच काही डेटाबेस गाळते. स्वतःचा कर्सर (यादीतली एकेक ओळ घेऊन फेरी चालवणारा कोड) लिहिणे काही फार मोठे काम नाही.

कर्सरमध्ये डेटाबेसचे नाव क्वोटनेम या, नावाला चौकटी कंस लावणाऱ्या फंक्शनमधून घालावे; सेल्स-2019 असे हायफन असलेले नाव चौकटी कंसाविना यूझ या डेटाबेस निवडणाऱ्या आज्ञेपुढे आले, तर ती फेरी तिथेच अडते. यूझचा परिणाम त्या डायनॅमिक मजकुरापुरताच (प्रत्येक फेरीत जोडून चालवलेल्या आज्ञेपुरताच) टिकतो, त्यामुळे तो प्रत्येक फेरीच्या मजकुरात क्वेरीच्या आधी असावा. मजकूर चालवण्यापूर्वी एकदा डोळ्यांखालून घालावा. मात्र प्रिंट ही आज्ञा एनव्हारचार (युनिकोड मजकूर) प्रकाराची पहिली 4000 अक्षरेच दाखवते, म्हणून लांब क्वेरी सिलेक्टने पाहावी.

निकालासाठी टेम्प (तात्पुरते) टेबल आधीच तयार ठेवून त्यात डेटाबेसच्या नावाचा स्तंभ घ्यावा. मजकुराच्या स्तंभांना कोलेशन (मजकुराची तुलना व क्रम ठरवणारे नियम) स्पष्ट द्यावे, एरवी टेम्पडीबीचे कोलेशन लागते आणि पुढे तुलना करताना संघर्षाची त्रुटी येते. एखाद्या ग्राहकाचा डेटाबेस जुन्या आवृत्तीवर राहिलेला असतोच, म्हणून हवा तो स्तंभ आहे का, हे स्तंभांची यादी देणाऱ्या सिस.कॉलम्समध्ये पाहावे. प्रत्येक फेरी ट्राय-कॅच या त्रुटी पकडणाऱ्या रचनेत ठेवून त्रुटीचा संदेश वेगळ्या नोंद-टेबलात टाकावा, आणि यशस्वी फेरीचीही ओळ तिथे लिहावी. शून्य ओळी परत आल्या आणि क्वेरी चाललीच नाही, यांतला फरक तिथेच दिसतो.

क्वेरी बदल करणारी असेल, तर बॅकअप तपासून त्याच अटीचा काउंट (ओळींची मोजणी) आधी सगळीकडे चालवावा. सर्व्हरच अनेक असतील, तर मॅनेजमेंट स्टुडिओ या एसक्यूएल सर्व्हरच्या साधनात नोंदणीकृत सर्व्हरचा गट करून क्वेरी चालवता येते. मात्र एकत्रित निकालाची रचना सर्वांत आधी उत्तर देणारा सर्व्हर ठरवतो, म्हणून सिलेक्टमध्ये तारांकन (सगळे स्तंभ आणणारे * चिन्ह) न वापरता स्तंभांची नावे लिहावीत.