उन्हाळ्यात नदी उतरली की सॅमनच्या मागे लागताना या चुका टाळा

जुलैत स्कॉटलंडच्या डी नदीचं पाणी उतरलं की तळाचे गोटे दिसायला लागतात, डोहात सॅमनही दिसतात, पण फ्लायला, म्हणजे केस-पिसं बांधलेल्या नकली आमिषाच्या गळाला, एकही शिवत नाही. मग पेटीतली एकेक फ्लाय बांधून बघायची धांदल सुरू होते. दोष बहुधा फ्लायचा नसतो. समुद्रातून नदीत आलेला सॅमन खाणंच सोडून देतो. तो फ्लाय धरतो ती भुकेपोटी नव्हे, आणि कोमट पाण्यात ती खुमखुमीही मावळते. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना जेमतेम ९. त्यात उष्म्यानं माशाची गरज उलट वाढलेली असते.

म्हणून थर्मामीटरशिवाय नदीवर जाणं ही सगळ्यात मोठी चूक. १८ अंशांपासून सावध व्हा, २० झाले की रॉड आवरा. अशा पाण्यात दमवून सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे जगला, असं मानू नका. तो नंतरही मरतो. कॅनडात मिरामिची नदीवर उष्म्यात गार पाण्याचे डोह मासेमारीला बंदच करतात. झरा किंवा ओढा मिळतो तिथे मासे दाटीनं जीव धरून असतात. बंदी नसली तरी तिथे गळ टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळचा मोहही फसवा. उजेड मंदावतो, पण दिवसभर तापलेलं पाणी लगेच निवत नाही. खरी वेळ पहाटेची. तेव्हा मासे डोहाच्या तोंडाशी, खळाळत्या पाण्यात असतात, अगदी काठाजवळ. थेट पाण्यात उतरलात तर त्यांनाच उधळून लावाल. पहिले काही फेक काठावरूनच, वाकून करा.

पाणी नितळ म्हणून लीडरचा, म्हणजे जाड लाइनच्या टोकाला फ्लाय बांधायचा पारदर्शक दोरा बारीक करणं ही नेहमीची चूक. बारीक दोऱ्यावर मासा जपून खेळवावा लागतो, झुंज लांबते आणि त्याचा जीव जातो. त्यापेक्षा लीडर १२ ते १५ फुटांपर्यंत लांबवा आणि दोरा दणकट ठेवा. फ्लाय मात्र बारकी, १२-१४ नंबरची, विरळ केसांची. सिल्व्हर स्टोट चांगली. याच डीवर केर्न्टनला आर्थर वुड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाइनला ग्रीस लावून ती तरंगती ठेवायचे आणि अशाच बारक्या फ्लाय वरच्या थरात फिरवायचे.

हूक टोकाशी उलटा काटा नसलेला हवा. मासा पाण्यातच ठेवून, ओल्या हातांनी, तोंड प्रवाहाकडे करून सोडा. फोटोसाठी वर उचलू नका.

पाऊस पडला तरी चढत्या गढूळ पाण्यात घाई नको. पाणी उतरून निवळायला लागलं की जा. शनिवारी रात्री नदी भरली तर सोमवारची पहाट गाठायची, कारण स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला कायद्यानं मनाई आहे.