हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा चढायचा: दोष अर्थिंगचा निघाला

जुन्या गाडीचं वायरिंग आधीच्या मालकाने बरंच बदललेलं होतं. हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर सरकायचा, इंडिकेटर दिला की मीटरचे दिवे त्याच तालात मंद व्हायचे. सेन्सर, फ्लॅशर रिले, बल्ब सगळं बदलून झालं. तीन रविवार गेले, अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

मल्टिमीटरची 'बीप' टेस्ट (वायर सलग जोडलेली असेल तर बीप वाजते) इथे फसवते. वायरची एकच तार शाबूत असली तरी बीप वाजते, लोड मात्र तिला झेपत नाही. म्हणून मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला आणि हेडलाइट चालू केले. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच (क्लॅम्पवर नाही), लाल पिन हेडलाइटच्या अर्थ वायरवर (करंट बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी वायर). १.८ व्होल्ट! परतीच्या वाटेत इतकं व्होल्टेज वाया जात होतं; ०.२ च्या आत हवं. मग लाल पिन एकेक जोड मागे नेली: क्लॅम्प ठीक, बॉडी ठीक. व्होल्टेजची उडी पडत होती ती डॅशबोर्डखालच्या एका स्क्रूवर. हेडलाइट आणि डॅशबोर्डचे मीटर दोघांची अर्थ वायर पिळून तिथेच कसलेली, आणि खाली रंग तसाच; जोड कच्चा, म्हणून हेडलाइटचा करंट मीटरलाही बिघडवत होता.

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला. रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला. दोन्ही वायरी सोडवून प्रत्येकीला वेगळा रिंग टर्मिनल (बोल्टमध्ये अडकणारी धातूची कडी) दाबून क्रिम्प केला, वेगवेगळ्या जागी दातेरी वॉशर आणि ६ एमएम बोल्टने कसला. वरून गंज लागू नये म्हणून व्हॅसलीन.

आता हेडलाइट लावून ०.०४ व्होल्ट. काटा जागचा हलत नाही.