हाताने चालवायची व्हीलचेअर वापरताना खांदे कसे जपावेत

मज्जारज्जूला इजा झाल्यानंतर पायांचे काम खांद्यांवर येते. उथळ खोबणीत बसणारा हा सांधा हात सर्व दिशांना फिरावा यासाठी घडलेला आहे, शरीराचे वजन पेलण्यासाठी नव्हे. त्यामुळे तसा भार वारंवार पडला की सांधा जागेवर धरणाऱ्या स्नायूंच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे) हाडांमधल्या अरुंद जागेत चेपल्या जाऊन झिजू लागतात. दुखऱ्या खांद्याला पूर्ण विश्रांती देणे इथे जवळजवळ अशक्य असते, म्हणून व्यायामाच्याही आधी रोजचा भार कमी करावा.

सुरुवात खुर्चीपासून करावी. ताठ बसून रिमच्या, म्हणजे चाकाबाहेरच्या हाताने ढकलायच्या कड्याच्या, सर्वांत वरच्या बिंदूवर हात ठेवला असता कोपराचा कोन साधारण 100 ते 120 अंश असावा. हात त्याहून सरळ होत असेल तर आसन उंच आहे, आणि कोपर जास्त दुमडून खांदे वर उचलले जात असतील तर ते फार खाली आहे. मागच्या चाकांचा आस शक्य तितका पुढे घेतल्यास ढकलायला कमी जोर लागतो. मात्र खुर्ची मागे उलटण्याचा धोका वाढत असल्याने हा बदल फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा. टायरमधील हवा नियमित तपासावी.

त्यानंतर ढकलण्याची पद्धत सुधारावी. छोटे, घाईचे झटके देण्याऐवजी लांब आणि सलग जोर द्यावा, आणि रिम सोडल्यावर हात तिच्या वरून मागे न आणता खाली सैल सोडून अर्धवर्तुळात मागे आणावा.

पलंग, कमोड किंवा गाडीत सरकताना खांद्यावर सर्वाधिक ताण येतो, म्हणून या हालचालीकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. दोन्ही आसने शक्यतो एकाच उंचीवर आणावीत, खुर्ची अगदी जवळ लावून ब्रेक लावावेत, हात शरीरापासून फार दूर टेकवू नयेत, आणि सपाट तळव्यावर भार देण्याऐवजी शक्य तिथे आसनाची कड किंवा दांडी पकडावी. डोके व धड पुढे झुकवून सरकावे. दरवेळी त्याच बाजूने न जाता आलटून पालटून बाजू बदलावी. उंचीत फरक असेल किंवा खांदा आधीच दुखत असेल, तर सरकफळी (दोन आसनांमध्ये पुलासारखी ठेवून वरून सरकायची गुळगुळीत फळी) वापरण्यात कमीपणा मानू नये.

दाबव्रण, म्हणजे सतत बसून त्वचेवर दाब आल्याने होणाऱ्या जखमा, टाळण्यासाठी अनेक जण हातांवर जोर देऊन शरीर उचलून धरतात. त्याऐवजी पुढे किंवा बाजूला झुकून दाब हलका करावा. या स्थितीत एक-दोन मिनिटे राहता येते, आणि त्वचेला तेवढा वेळ मिळणे आवश्यक असते. धडाचा तोल राहत नसेल तर समोर भक्कम टेबल किंवा मदतनीस असावा. नेहमीच्या वस्तू खांद्याच्या उंचीखाली ठेवाव्यात आणि दुखऱ्या कुशीवर झोपू नये.

ढकलण्यामुळे छातीचे स्नायू आखडतात आणि पाठीचे मागे पडतात. म्हणून छातीला ताण द्यावा आणि कोपर अंगाशी ठेवून रबरी पट्टा बाहेरच्या दिशेने ओढण्याचा व्यायाम, वेदना वाढणार नाहीत इतक्याच जोराने, करावा.

दुखणे काही दिवसांत कमी झाले नाही किंवा रात्री झोपमोड करू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. हातात नव्याने बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवल्यास मात्र मुळीच थांबू नये, कारण इजेनंतर काही वर्षांनीही मज्जारज्जूत द्रवाने भरलेली पोकळी तयार होऊ शकते आणि तिची तपासणी एमआरआयने करावी लागते.