इंग्लंडमधल्या छोट्या खाणगावाचा इतिहास कसा शोधायचा

उदाहरणाला एकच गाव धरू: नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याजवळचं न्यू हार्टली. इथल्या हेस्टर पिटमध्ये १६ जानेवारी १८६२ रोजी पाणी उपसणाऱ्या इंजिनाची सुमारे ४२ टनांची बिडाची तुळई मोडली आणि तिचा अर्धा तुकडा शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, कोसळला. शाफ्ट एकच होता. वर येणाऱ्या पिंजऱ्यातले पाच जण गेले, खाली अडकलेले १९९ जण विषारी वायूनं गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पार्लमेंटनं कायदा केला: कोळशाच्या खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यातच. भारतातल्या कोळसा खाणींच्या नियमांतही हे कलम आहे, तेव्हा चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या वाचकांना ते नवं नाही.

अशा गावाबद्दल लिहिणारे बहुतेक जण अपघातापासून सुरू करतात आणि तिथंच थांबतात. खरं तर अपघाताचा उपयोग उलटा आहे. त्या निमित्तानं एरवी कुणी नोंदवली नसती अशी माणसं कागदावर आली. त्यांच्या मदतीनं साध्या दिवसांचं गाव उभं करायचं.

आधी गाव नेमकं ठरवा. नुसतं ‘हार्टली’ शोधलंत तर समुद्रकाठचं जुनं हार्टली येईल, शिवाय केंटमधलंही. जुन्या हार्टलीची खाण १८४४मध्ये पाण्यानं भरली, १८४५पासून हेस्टर पिट खणायला घेतला आणि त्याभोवती नवी वस्ती झाली. म्हणून कोऱ्या कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवा: काउंटी नॉर्थम्बरलंड, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) अर्सडन, जन्म-मृत्यू नोंदणीचा जिल्हा टायनमाउथ, कोलिअरी हार्टली, पिट हेस्टर. शेवटच्या दोन वेगळ्या आहेत: कोलिअरी म्हणजे पूर्ण कोळसा खाण, पिट म्हणजे तिच्यातला एक शाफ्ट आणि त्याखालचं काम. एका कोलिअरीचे अनेक पिट असू शकतात. एका यादीत कोलिअरीचं नाव असतं, दुसरीत पिटचं, आणि नवखा माणूस एकच मृत्यू दोनदा मोजतो.

मग नकाशे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे) इंग्लंडचेही जुने नकाशे फुकट पाहता येतात. सहा इंची नकाशा (मैलाला सहा इंच, १:१०,५६०) परिसर समजायला, पंचवीस इंची (१:२,५००) घरं मोजायला. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून त्याची पारदर्शकता सरकपट्टीनं कमी-जास्त करा. पाहायचं काय? शाफ्टच्या खुणा, कोळशाच्या वाघिणींचा मार्ग, घरांच्या रांगा, चॅपेल (छोटं प्रार्थनाघर), शाळा, पाण्याचा साठा. रांगांची नावं किंवा क्रमांक टिपून ठेवा, जनगणनेत पुढे तीच भेटतात. एक सावधगिरी: नकाशा छापल्याचं वर्ष आणि मोजणीचं वर्ष वेगळं असतं, कधी कधी काही वर्षांनी. नकाशाच्या कडेला बारीक अक्षरात दोन्ही दिलेली असतात, मोजणीचं धरायचं.

आता मुख्य काम, जनगणना. १८६१ची ७ एप्रिलच्या रात्रीची आहे, म्हणजे अपघाताच्या नऊ महिने आधीची. १८७१ची २ एप्रिलची. न्यू हार्टलीसाठी याहून चांगली जोडी मिळणार नाही. राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मालिका अशा: १८५१ एचओ १०७, १८६१ आरजी ९, १८७१ आरजी १०, १८८१ आरजी ११, आणि पुढे त्याच क्रमानं १९२१च्या आरजी १५पर्यंत. १९२१नंतरची वाट पाहू नका. १९३१ची कागदपत्रं १९४२मध्ये जळाली आणि १९४१ची जनगणना झालीच नाही. ती पोकळी २९ सप्टेंबर १९३९चं लोकसंख्येचं रजिस्टर काही अंशी भरतं.

नावानं शोधू नका, पानं उलटा. अर्सडन पॅरिशचा भाग उघडला की प्रत्येक गणना-विभागाच्या सुरुवातीला गणनेवाला कुठून कुठे फिरला ते लिहिलेलं असतं. त्यातून न्यू हार्टलीचा विभाग ओळखा आणि सगळी घरं एका तक्त्यात उतरवा. रकाने: घराचा अनुक्रमांक, रांग, नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, काम, जन्मगाव. मूळ लिखाण जसंच्या तसं ठेवा, सुधारणा वेगळ्या रकान्यात. संगणकीय सूचीत हस्ताक्षर चुकीचं वाचून आडनावं इतकी बदललेली असतात की नावानं शोधणाऱ्याच्या हातून घरंच्या घरं सुटतात. १८४१ वापरत असाल तर ध्यानात ठेवा: पंधरापुढची वयं बहुधा पाचच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि जन्मगाव नाही, फक्त ‘याच काउंटीत की नाही’ एवढंच.

सगळ्यात बोलका रकाना मुलांच्या जन्मगावांचा. थोरला क्रॅमलिंग्टनचा, मधली सेगहिलची, धाकटा हार्टलीचा, असं दिसलं की कुटुंब कोणत्या क्रमानं आणि साधारण किती वर्षांनी हललं ते मुलांच्या वयांवरून काढता येतं. खाणकामगार फार हलत. घर खाणमालकाचं, नोकरी सुटली की घर सुटलं. त्यामुळे ‘पिढ्यान् पिढ्या याच गावात’ हे वाक्य तपासल्याशिवाय लिहू नका. बहुतेक वेळा ते खोटं निघतं.

कामाची नावंही जुळवून घ्या. ह्यूअर म्हणजे कोळसा फोडणारा, पुटर म्हणजे भरलेल्या गाड्या ढकलणारा तरुण, ट्रॅपर म्हणजे हवेची दारं उघड-बंद करणारा पोर, सिंकर शाफ्ट खणणारा, बँक्समन शाफ्टच्या तोंडाशी पिंजरा सांभाळणारा. व्ह्यूअर हा खाणीचा वरिष्ठ तज्ज्ञ-व्यवस्थापक, नुसता पाहणारा नव्हे. १८४२च्या कायद्यानं दहा वर्षांखालच्या मुलांना आणि सगळ्या बायकांना खाणीत उतरायला बंदी होती. १८६०च्या कायद्यानं मुलांसाठी मर्यादा बारा केली, पण लिहिता-वाचता येणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्यांना सूट ठेवली. त्यामुळे १८६१मध्ये अकरा वर्षांचा ट्रॅपर दिसला तर लगेच बेकायदा ठरवू नका. बायकांच्या कामाचा रकाना बहुधा रिकामा असतो. त्याचा अर्थ काम नव्हतं असा मुळीच नाही. वेगवेगळ्या पाळ्यांतून येणाऱ्या नवऱ्या-मुलांसाठी पाणी तापवणं, स्वयंपाक, कपडे हे दिवसरात्र चालायचं, फक्त गणनेवाल्यानं ते मोजलं नाही.

मृतांच्या याद्या डरहॅम मायनिंग म्युझियमच्या संकेतस्थळावर मिळतात. यादीतलं प्रत्येक नाव १८६१च्या तक्त्याशी लावा, मग सरकारी मृत्युसूचीशी. हार्टलीचे मृत्यू १८६२च्या मार्च तिमाहीत, टायनमाउथ, खंड १०बी असे सापडायला हवेत. नाव, वय आणि घर यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तरच ‘सापडला’ म्हणा. एकाच घरात बाप आणि मुलगा एकाच नावाचे असणं नेहमीचं आहे. उरलेल्यांना जबरदस्तीनं बसवू नका. एप्रिल १८६१नंतर गावात आलेलेही त्यात असतील. मग १८७१ उघडा: त्या विधवा कुठे आहेत, घरात भाडेकरू ठेवलेत का, पुन्हा लग्न झालं का. अपघातानंतरचं गाव इथे दिसतं.

वर्तमानपत्रं वापरताना तारखेकडे लक्ष द्या. पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. खाली अडकलेल्यांपर्यंत माणसं पोचली ती २२ जानेवारीला, त्यामुळे त्याआधीची संख्या अंदाजाची. कारणांसाठी कॉरोनरसमोरच्या (अनपेक्षित मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोरच्या) चौकशीचे वृत्तांत आणि सरकारी अहवाल धरा. कॉरोनरची मूळ कागदपत्रं पुष्कळ ठिकाणी टिकलेली नाहीत, आणि मग वर्तमानपत्रातला वृत्तांत हाच आधार उरतो. जुन्या अहवालांत खोली फॅदममध्ये असते (एक फॅदम म्हणजे सहा फूट), पैसे पौंड-शिलिंग-पेन्समध्ये (२० शिलिंगांचा पौंड, १२ पेन्सचा शिलिंग).

चर्चच्या नोंदींत नेहमी एक फट राहते. बरेच खाणकामगार मेथडिस्ट, म्हणजे अधिकृत चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथाचे, होते, त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे पॅरिशच्या वहीत नसतात. हार्टलीत अडकलेल्या एका ओव्हरमनच्या (खाणीतल्या मुकादमाच्या) वहीत शुक्रवारी दुपारी खालीच प्रार्थनासभा झाल्याची नोंद सापडली; तिच्यामागे चॅपेलची सवय होती. त्यामुळे मेथडिस्ट सर्किटच्या (आसपासच्या चॅपेलांच्या गटाच्या) वह्या वेगळ्या मागवा. दफनं मात्र बहुतेक अर्सडनच्या सेंट आल्बन चर्चच्या आवारात, तिथं स्मारकस्तंभही आहे. नॉर्थम्बरलंडचं अभिलेखागार अ‍ॅशिंग्टनजवळ वुडहॉर्नला, एका जुन्या कोळसा खाणीच्याच आवारात आहे. जाण्याआधी सूचीतले क्रमांक कळवून कागद राखून ठेवायला सांगा.

खाणीचे भूमिगत नकाशे १८७२नंतर सोपे झाले, कारण सोडून दिलेल्या खाणीचा नकाशा जमा करणं तेव्हा बंधनकारक झालं. त्याआधीची खाण असेल तर नकाशा मिळेलच असं धरून चालू नका. १ जानेवारी १९४७ला खाणी सरकारी झाल्या, तिथून पुढे नॅशनल कोल बोर्डाचे कागद शोधायचे. आणि तुमचं गाव शेजारच्या डरहॅम काउंटीत असेल तर १९५१चा काउंटी विकास आराखडा आधी पाहा: त्यात ११४ वस्त्या ‘डी’ वर्गात टाकून तिथं नवीन गुंतवणूक करायची नाही असं ठरवलं होतं. अशा गावात घरांच्या रांगा नकाशावरून नाहीशा झाल्या तर कारण खाणीत नसून काउंटी कौन्सिलच्या फायलीत सापडू शकतं.