परदेशातल्या विद्यार्थ्यांशी क्लासची वेळ ठरवताना

मी पुण्यातून ऑनलाइन हार्मोनियम शिकवते. मुलं न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये, लंडनला आणि सिडनीला. सुरुवातीला मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला: 'अमेरिका साडेदहा तास मागे, एवढं पाठ कर.' न्यू यॉर्क-न्यू जर्सीपुरता तो खरा आहे, तोही हिवाळ्यातले जेमतेम चार महिने. बाकीचा काळ तिथे घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं; लंडनलाही उन्हाळ्यात तसंच करतात. लंडनची वेळ वाचायला आपलं काट्यांचं घड्याळ उलटं धरायची युक्तीही अशीच. साडेपाच तासांचा फरक असतो तोवर ती छान चालते, पण मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत एक तासाने चुकते. तेव्हा आकडा पाठ करू नका.

आधी ठरवा, घड्याळ कोणाचं धरायचं. शाळकरी मूल असेल तर त्याचंच. त्याची शाळा, जेवण, झोप तिथल्या घड्याळावर चालते. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून सरकायचं आपण.

मग वेळेसोबत शहराचं नाव लिहा. 'ईएसटी' (न्यू यॉर्कची हिवाळी वेळ) लिहू नका. अमेरिकेत लोक उन्हाळ्यातही सवयीने ईएसटीच म्हणतात, तेव्हा घड्याळ मात्र ईडीटीवर, म्हणजे एक तास पुढच्या उन्हाळी वेळेवर असतं. आपल्या भारतीय वेळेचं 'आयएसटी' हे इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेचंही नाव आहे. देशाचं नावही पुरत नाही: सिडनीत घड्याळ बदलतं, ब्रिस्बेनमध्ये नाही. अमेरिकेतही फिनिक्स बदलत नाही.

तोंडी हिशोब सोपा आहे. न्यू यॉर्कच्या वेळेचं सकाळ-संध्याकाळ उलटं करा आणि हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अडीच तास वजा करा. तिथे सकाळी साडेनऊ, तर आपल्याकडे हिवाळ्यात रात्री आठ आणि उन्हाळ्यात संध्याकाळी सात. कॅलिफोर्नियासाठी तसंच उलटं करून हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अर्धा तास मिळवा.

खरी अडचण मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. एका मार्चमध्ये मी नेहमीप्रमाणे शनिवारी रात्री आठला क्लास उघडला, तर एडिसनची मुलगी नव्हतीच. नऊ वर्षांची पोर माझ्या सात वाजल्यापासून पेटी पुढ्यात घेऊन बसली होती. आठवडाभर भूप बसवला होता तिने. चाळीस मिनिटं वाट पाहून उठली. त्यांचं घड्याळ आधीच्या रविवारी पुढे गेलं होतं आणि मी ते पाहिलं नव्हतं. तिच्या आईने मला दोष दिला नाही, पण त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं.

नीट समजून घ्या. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. ब्रिटन आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेने २००५ च्या कायद्याने हा काळ वाढवला, तो २००७ पासून लागू झाला. त्याआधी निदान ऑक्टोबरात तरी दोघं एकाच दिवशी मागे येत. आता मार्चमध्ये दोन किंवा तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा न्यू यॉर्क-लंडन फरक पाचाऐवजी चार तास होतो.

एडिसन आणि लंडनची मुलं एकाच क्लासला असतील, तर एडिसनचे सकाळचे साडेनऊ धरून २०२६ सालचे शनिवार मांडून पाहा. ७ मार्चला लंडनमध्ये दुपारचे अडीच, पुण्यात रात्रीचे आठ. १४, २१ आणि २८ मार्चला लंडनमध्ये दीड, पुण्यात सात. ४ एप्रिलला लंडन पुन्हा अडीचवर, पुणे सातवरच. ३१ ऑक्टोबरला लंडन परत दीडवर येतं. ७ नोव्हेंबरला लंडन अडीच, पुणे आठ. म्हणजे लंडनच्या पालकांना वर्षातले चारच शनिवार वेगळे दिसतात, आणि तेच ते विसरतात: 'आमचं घड्याळ तर बदललंच नाही, मग क्लास लवकर का?' त्यांना आधी सांगणं हे शिक्षकाचं काम आहे, त्यांनी शोधून काढायचं नाही.

सिडनीच्या मुलांना अमेरिकेच्या गटात घालू नका. मी एक वर्ष घालून पाहिलं. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, म्हणून त्यांचं घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. न्यू यॉर्क-सिडनी फरक वर्षभरात सोळा, पंधरा, चौदा तास असा फिरतो. कोणत्याही वेळेला एका बाजूचं मूल पेंगत असतं. वेगळा गट करा, पुण्याहून साडेचार किंवा साडेपाच तास, एवढंच सांभाळायचं.

वाराची एक चूक खास आपली आहे. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून 'शनिवारी रात्री साडेबारा' आपण सहज म्हणतो. घड्याळाच्या लेखी तो रविवार असतो. मध्यरात्रीनंतरची वेळ देताना तारीखही लिहा.

गूगल कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइम झोनमध्ये न्यू यॉर्क निवडा, कोलकाता नको. मग बदल आपोआप तुमच्या बाजूला पडतो. तरीही प्रत्येक बदलाच्या आधीच्या सोमवारी मी सगळ्या पालकांना निरोप पाठवते: 'शनिवार १४ मार्च. एडिसन सकाळी ९:३०, लंडन दुपारी १:३०, पुणे संध्याकाळी ७:००. लंडनकरांनो, या वेळी एक तास आधी. वाचलंत की कळवा.' ज्यांचं उत्तर येत नाही, त्यांना शुक्रवारी फोन करते.